खिचडीइतकाच गरजेचा खेळ

अंगणवाडीतून घरी आलेल्या मुलाला ‘आज काय शिकलास?’ असे विचारले, की उत्तर बहुधा एकाच शब्दात येते – ‘खेळलो!’ ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. खेळायला घरचे अंगण काय कमी होते, असेही मनात येऊन जाते. मेंदूचा आणि बालविकासाचा अभ्यास मात्र सांगतो, की तीन ते सहा या वयात हेच सर्वांत चांगले उत्तर आहे. ज्या मुलाच्या ताटात आधीच कमी पडते आणि ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, त्याच्यासाठी तर खेळाची गरज आणखी मोठी आहे. नंदुरबार जिल्ह्यात अशी मुले हजारोंनी आहेत.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. 2011च्या जनगणनेनुसार इथले जवळपास 70 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या तालुक्यांत सपाटीची शेती आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे तालुके सातपुड्याच्या रांगांत, थेट नर्मदेपर्यंत पसरलेले. डोंगरातले गाव म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांची वस्ती नव्हे. आपापल्या शेतात बांधलेली घरे आणि ओढ्या-टेकड्यांनी एकमेकांपासून तुटलेले पाडे मिळून ते गाव होते. तीन वर्षांच्या पोराला एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावरच्या अंगणवाडीत जायचे, तर कुणाच्या तरी कडेवर बसूनच जावे लागते.

या जिल्ह्याचे नाव बातम्यांत येते ते बहुतेक वेळा कुपोषणामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) इथल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. वयाच्या मानाने उंची न वाढलेल्या मुलांचे प्रमाणही निम्म्याच्या आसपास होते. त्यामुळे अंगणवाडी म्हटली की वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, खिचडी, अंडी, केळी आणि औषधांच्या गोळ्या एवढेच डोळ्यांसमोर येते. हे सारे हवेच आहे. पण अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी एक सेवा पूर्वप्राथमिक शिक्षणाची आहे, हे त्या गडबडीत मागे पडते. पोषण आधी, शिक्षण नंतर, असा एक न लिहिलेला क्रम ठरून गेला आहे. विज्ञानाला मात्र असा क्रम मान्य नाही.

उपाशी मूल गप्प बसते

शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही, तर ते खर्च कमी करते. मोठ्या माणसाचे तसेच मुलाचे. पण लहान मुलाच्या शरीराला खर्चात कपात करायची, तर सर्वांत आधी हात पडतो तो हालचालीवर, म्हणजे खेळावर. श्वास, हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान यांत काटकसर करता येत नाही. धावणे, चढणे, वस्तू उचकणे, प्रश्न विचारणे यांत करता येते. लोहाची कमतरता असेल तर थकवा आणि चिडचिड वाढते, लक्ष टिकत नाही.

पुढचा भाग अधिक नकळत घडतो. जे मूल हसत नाही, हात पुढे करत नाही, पाठीमागे लागत नाही, त्याच्याशी मोठी माणसेही कमी बोलतात. ‘शांत पोर आहे, त्रास देत नाही’ असे म्हणून त्याला झोळीत किंवा कोपऱ्यात राहू दिले जाते. म्हणजे आधी अन्न कमी पडले, मग खेळ कमी झाला आणि खेळ कमी झाल्यामुळे बोलणे, स्पर्श, नवे अनुभवही कमी झाले. मेंदूतील पेशींची जोडणी याच अनुभवांवर पोसली जाते. एखादी जोडणी वारंवार वापरली गेली तर ती पक्की होते, न वापरलेली विरत जाते. मेंदूच्या एकूण विकासापैकी 85 टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाच्या आत होतो, असे 2020चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण नमूद करते. वयाच्या या टप्प्यातली गरिबी म्हणूनच दुहेरी असते. ती ताटातही असते आणि अनुभवांतही.

म्हणून तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा पावले सांगितली आहेत, त्यांत एक पाऊल खेळाचे आहे. साखरेचे प्रमाण, शरीराचे तापमान, जंतुसंसर्ग, आहार यांच्या जोडीला रोज 15 ते 30 मिनिटे ठरवून खेळ घ्यावा, आईला त्यात सामील करावे, आजूबाजूचे वातावरण आनंदी असावे, असे ते पाऊल सांगते. कुपोषित मूल पुन्हा खेळू लागले, की ते बरे होत असल्याची खूण वजनकाट्याच्याही आधी मिळते, हे अशा मुलांची काळजी घेणाऱ्या परिचारिका अनुभवाने जाणतात.

जमैकातील घरगुती खेळणी

नुसता आहार, नुसता खेळ आणि दोन्ही एकत्र, यांतले काय किती उपयोगी पडते? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर मिळाले ते वेस्ट इंडिजमधील जमैका बेटावर. 1986-87मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेली 129 मुले निवडली. त्यांचे वय 9 ते 24 महिने होते. मुलांचे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची पूरक भुकटी दिली. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात आणि आईला सोबत घेऊन मुलाशी खेळत. तिसऱ्या गटाला दोन्ही दिले. चौथ्या गटाला यांतले काहीच दिले नाही. हा उपक्रम दोन वर्षे चालला.

खेळणी विकतची नव्हती, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली होती. आरोग्यसेविकाही पदवीधर शिक्षिका नव्हत्या. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दूध आणि खेळ या दोन्हींचा फायदा दिसला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. पण खरा फरक काळाने दाखवला. नुसत्या दुधाने मिळालेली बौद्धिक आघाडी पुढच्या वर्षांत पुसट होत गेली. खेळाने मिळालेली टिकली. हीच मुले 22 वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा भेट घेतली, तेव्हा लहानपणी खेळ मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक निघाली. वाढ न खुंटलेल्या मुलांची त्यांनी जवळपास बरोबरी केली होती. हे निष्कर्ष 2014मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

129 मुलांचा अभ्यास छोटाच म्हणायचा. पण त्याच पद्धतीवर आधारलेला मोठा प्रयोग पुढे ओडिशातील खेड्यांतही झाला. तिथे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी काही मुलांच्या घरी जाऊन, तर काही ठिकाणी आया आणि मुलांना एकत्र जमवून खेळ घेतले. दोन्ही पद्धतींनी मुलांच्या आकलनात सुधारणा झाली आणि एकत्र जमवण्याची पद्धत स्वस्तही पडली. अंगणवाडीसारखी गावोगाव पोहोचलेली व्यवस्था ज्या देशात आहे, त्याच्यासाठी यात मोठा अर्थ आहे.

याचा अर्थ खिचडीऐवजी खेळ द्या, असा कुणी काढू नये. पोट रिकामे असेल तर मूल खेळणारच नाही. पण पोट भरल्यावर त्याला नुसते बसवून ठेवले, तर त्या अन्नाचा अर्धाच उपयोग झाला असे समजावे.

‘शिवाजी म्हणतो’ आणि मेंदूचा लगाम

खेळात मूल नेमके शिकते तरी काय? एक साधा, महाराष्ट्रात गल्लोगल्ली माहीत असलेला खेळ घेऊ. ‘शिवाजी म्हणतो, हात वर करा’ असे म्हटले की हात वर करायचे. नुसते ‘हात वर करा’ म्हटले, तर करायचे नाहीत. जो चुकला तो बाद. चार वर्षांच्या मुलाला हा खेळ भलताच अवघड जातो, कारण त्यात एकाच वेळी तीन कामे असतात. नियम लक्षात ठेवायचा, बोलणे नीट ऐकायचे आणि वर जाऊ पाहणारा हात आवरायचा. शेवटचे काम सर्वांत कठीण.

या तीन कामांना मेंदूविज्ञानात एकत्रितपणे कार्यकारी क्षमता म्हणतात. मेंदूच्या पुढच्या भागाशी या क्षमता जोडलेल्या असतात आणि तीन ते पाच या वर्षांत त्या झपाट्याने वाढतात. पुढे पहिलीच्या वर्गात गुरुजींचे म्हणणे ऐकून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वजाबाकीत हातचा लक्षात ठेवणे, रागाच्या भरात शेजारच्याला न ढकलणे, हे सारे याच क्षमतेच्या जोरावर होते. ती पाठ करून येत नाही, ‘गप्प बस’ असे दरडावूनही येत नाही. नियमांच्या खेळांत आणि नाटक-नाटक खेळण्यात तिचा भरपूर सराव मात्र होतो. ‘मी दुकानदार, तू गिऱ्हाईक’ असे ठरले, की दुकानदाराला मनात आले तरी खेळ सोडून पळता येत नाही. स्वतःच घातलेले बंधन मूल आनंदाने पाळते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी खेळाचे महत्त्व सांगितले, ते नेमके या मुद्द्यावर.

सातपुड्यातल्या मुलांना अशा नाटकासाठी विषय शोधावे लागत नाहीत. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, होळीचे ढोल आणि घुंगरू, शेतातली पेरणी, बकऱ्या चारायला नेणे हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. बाजाराचा खेळ मांडला, की मोजणे आले, भाव करणे आले, ‘जास्त’, ‘कमी’, ‘जड’, ‘हलके’ हे शब्द आले, रांगेत थांबणे आले. खेळायला मोहाच्या टोळ्या, चिंचोके, सागाची पाने, मक्याची बुरकुंडे आणि नदीतले गोटे पुरतात. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी तर मोठी मुले लहानांना करून देतातच. चिंचोके बोटांच्या चिमटीत धरून ओळीत मांडणारे मूल पुढे पेन्सिल धरण्याचीच तयारी करत असते.

एका तासाचा पट

खेळातून गणित खरोखर येते का, हेही तपासून पाहिलेले आहे. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008मध्ये गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक साधा पट केला. सापशिडीसारखा, पण एकाच सरळ ओळीत 1 ते 10 आकडे असलेला. चकती फिरवायची आणि आकडे मोठ्याने म्हणत सोंगटी पुढे न्यायची. दोन आठवड्यांत मिळून मुले जेमतेम तासाभर हा खेळ खेळली. तेवढ्यावर त्यांचे आकडे ओळखणे, मोजणे आणि ‘कोणता आकडा मोठा’ हे सांगणे सुधारले. नऊ आठवड्यांनी पाहिले तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत ती दिसली नाही. जमिनीवर खडूने आखलेल्या दहा घरांवरून उड्या मारत आकडे म्हणणे हे याच पटाचे फुकटचे रूप म्हणता येईल.

दुसरा अभ्यास दिल्लीतला, आणि तो सावध करणारा आहे. 2017मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने 214 बालवाड्यांतील 1,540 मुले सहभागी होती. संख्येचा आणि आकारांचा अंदाज बांधण्याचे खेळ काही मुलांशी महिनोन्‌महिने खेळले गेले. त्या खेळांतली मुलांची समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण प्राथमिक शाळेत गेल्यावर आकडे आणि चिन्हे वापरून करायच्या गणितात ही मुले पुढे असल्याचे दिसले नाही.

या दोन अभ्यासांतून एकच धडा मिळतो. मूल खेळले म्हणजे आपोआप सारे आले, असे नाही. मुक्त खेळ हवाच, तो मुलाचा हक्क आहे. पण शिकण्याकडे नेणारा खेळ मोठ्या माणसाने विचारपूर्वक मांडलेला असतो. चिंचोक्यांचे ढीग करून झाल्यावर ‘कोणत्या ढिगात जास्त? कसे ओळखलेस?’ हा प्रश्न विचारणारे आणि ढिगाशेजारी ‘5’ असा आकडा ठेवणारे कुणीतरी तिथे लागते. खेळणे मुलाचे असले तरी तो पुढे न्यायला सेविका हवी.

भाषेचा उंबरठा

नंदुरबारच्या मुलांपुढे आणखी एक उंबरठा आहे. धडगावकडे पावरी, अक्कलकुव्याकडे भिलीच्या विविध बोली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, सपाटीवर अहिराणी आणि सीमेलगत गुजराती, अशा अनेक भाषा या एका जिल्ह्यात नांदतात. शाळेची भाषा मात्र प्रमाण मराठी. पावरी बोलणाऱ्या मुलाला ‘लाल’ हा मराठी शब्द माहीत नसेल, पण फुललेला पळस त्याने पाहिलेला असतो. त्याच्या हातात चित्रांचा तक्ता देऊन ‘हा कोणता रंग?’ असे मराठीत विचारले तर ते गप्प राहते. या गप्प राहण्याला ‘येत नाही’ असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात मुलाला रंग येत असतो, प्रश्न कळलेला नसतो.

खेळ हा उंबरठा ओलांडून देतो, कारण खेळात अर्थ आधी कळतो आणि शब्द मागून येतो. पळसाची फुले एका टोपलीत, पाने दुसऱ्या टोपलीत टाकायची, हे हातवाऱ्यांनीही समजते. फुले गोळा करताना सेविका आधी घरचा शब्द वापरते, मग त्याला जोडून मराठीतला. मूल दोन्ही उचलते. अंगणवाडीची यात एक मोठी जमेची बाजू आहे. सेविका बहुधा त्याच गावची असते आणि मुलांची भाषा ही तिचीही भाषा असते. पहिलीच्या वर्गातील बाहेरगावच्या शिक्षकाला जे अवघड जाते, ते तिला सहज जमू शकते. अडचण येते ती ‘शिकवायचे म्हणजे मराठीतच’ या समजुतीची. मातृभाषेतल्या गोष्टी, कोडी, बडबडगीते अंगणवाडीत म्हटली तर मुले मागे पडतील, असे पालकांना आणि कधी कधी सेविकेलाही वाटते. होते उलटे. ज्या भाषेत मूल घरी विचार करते, ती पक्की झाली की दुसरी भाषा तिच्या आधाराने लवकर येते. शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषा किंवा घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

अंगणात जन्मलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला तो महाराष्ट्रातून, आणि त्याच्या मुळाशी खेळच आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक 1945मध्ये बोर्डी इथे आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर दोघींनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1957पासून दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये सुरू झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल येत नसेल तर शाळेने जावे, हा त्यांचा साधा हिशेब होता.

मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये 1907 साली सुरू केलेल्या बालगृहातील साधने सुबक होती, पण महाग. ताराबाई-अनुताईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, गोटे, माती असे परिसरातले साहित्य आणले. पद्धत तीच, साधने गावची. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव आले. मात्र अंगणातला तो खेळ प्रत्येक केंद्रापर्यंत पोहोचलाच असे नाही.

आता तो पुन्हा कागदावर तरी केंद्रस्थानी आला आहे. शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला. 2022मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळ हीच शिकण्याची मुख्य रीत मानली आहे. 2023मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम अंगणवाड्यांसाठी सुरू केला. राज्यात ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम अंगणवाड्यांत आहेच. धोरण, आराखडा, साहित्य या गोष्टी आहेत. प्रश्न उरतो तो वेळेचा.

वेळ कुणाकडे आहे?

अंगणवाडी सेविकेच्या दिवसाचा हिशेब मांडला, तर खेळाच्या वाट्याला काय येते ते कळते. मुले गोळा करणे, आहार, वजन-उंची, गरोदर मातांच्या घरभेटी, लसीकरणाचा दिवस, रजिस्टरे आणि त्यावर मोबाइलमधील पोषण ट्रॅकरची नोंद. डोंगरात नेटवर्क शोधत टेकडी चढावी लागते. 2020च्या टाळेबंदीत नर्मदाकाठच्या एका सेविकेने स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या मुलांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत आहार पोहोचवल्याची बातमी देशभर गाजली. ते कौतुक रास्तच होते. पण इतके करून झाल्यावर तिने रोज दोन तास वीस मुलांशी खेळावे, ही अपेक्षा एका माणसाकडून किती पूर्ण होईल?

याचेही उत्तर एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे. तमिळनाडूत 320 अंगणवाड्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या निम्म्या केंद्रांत केवळ बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा नेमली. त्या केंद्रांत मुलांना शिकवण्यासाठी मिळणारा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांची गणिताची आणि भाषेची समज लक्षणीय वाढलेली दिसली. विशेष म्हणजे या केंद्रांतील मुलांत वाढ खुंटण्याचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही कमी झाले, कारण जुन्या सेविकेला आरोग्य आणि पोषणाच्या कामासाठी मोकळा वेळ मिळाला. पोषण विरुद्ध शिक्षण हे भांडण मुळात खोटे आहे, हे यातून पुन्हा दिसले. दोन्हींना हवे असतात ते जादा हात.

नंदुरबारमध्ये याला स्थलांतराची जोड आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामाच्या कामांवर, मुख्यतः गुजरातेत जातात. लहान मुले अर्थातच सोबत जातात. वर्षातले कित्येक महिने ती फडावर किंवा कामाच्या ठिकाणी काढतात. तिथे ना खिचडी, ना खेळ. परत आल्यावर त्यांचे वजन पुन्हा मोजले जाते. मधल्या महिन्यांत कमी झालेले बोलणे आणि खेळणे कोणत्या रजिस्टरात मोजायचे, हे कुणी ठरवलेले नाही.

तिसरी अडचण सपाटीवरच्या तालुक्यांत आणि शहरांत अधिक आहे. खासगी बालवर्गात चार वर्षांचे मूल वहीची पाने भरून आणते, म्हणून पालकांना ते पुढे गेलेले वाटते. अंगणवाडीतले मूल ‘नुसते खेळते’, म्हणून मागे. या वयात हाताचे बारीक स्नायू पुरते तयार झालेले नसतात. ‘अ’ गिरवून घेण्यापेक्षा माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे हीच लिहिण्याची खरी पूर्वतयारी आहे. घाईने भरलेल्या पानांतून लिहिण्यापेक्षा लिहिण्याचा कंटाळाच आधी येतो.

पालकांनी काय करावे?

- जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान 3 तास शारीरिक हालचाल हवी आणि त्यातला किमान तासभर धावपळीचा खेळ हवा. मोबाइल-टीव्ही मिळून तासाभराच्या आत. झोप 10 ते 13 तास.
- दिवसातून पंधरा मिनिटे मुलाशी खेळा, मोबाइल बाजूला ठेवून. खेळ मुलाने निवडावा.
- घरची भाषा सोडू नका. गोष्ट, कोडे, गाणे ज्या भाषेत तुम्हाला सहज येते त्याच भाषेत सांगा.
- घरकामात मुलाला घ्या. शेंगा सोलणे, कांदे-बटाटे वेगळे करणे, ताटल्या मोजून मांडणे हे त्याच्यासाठी खेळच असतात.
- ‘काय लिहिलेस?’ यापेक्षा ‘काय खेळलास? कोणाबरोबर? मग काय झाले?’ असे विचारा. सांगताना मूल क्रम लावायला शिकते.
- पूर्वी खेळणारे मूल अचानक मलूल झाले, खेळ टाळू लागले, तर वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीन वर्षांचे होऊनही दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, खोटे-खोटे जेवण-स्वयंपाक असे खेळ खेळतच नसेल, तर अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मुलाला आवर्जून न्या.

अंगणवाडीच्या भिंतीवर वजनाचा तक्ता असतो. हिरवा, पिवळा, लाल अशा पट्ट्यांत प्रत्येक मुलाचा ठिपका कुठे आहे, ते सेविका दर महिन्याला पाहते आणि ठिपका खाली घसरला की धावपळ सुरू होते. मुलाच्या खेळाचा असा तक्ता कुठेच नाही. आज हे मूल किती बोलले, किती हसले, कुणाबरोबर खेळले, हे पाहणारी नजर मात्र त्या खोलीत एकच असते, सेविकेची. तिच्या हाताखाली आणखी एक जोडी हात आले आणि तिच्या डोक्यावरची चार रजिस्टरे उतरली, तर ती नजर मुलांवर टिकेल. मग संध्याकाळी धडगावच्या एखाद्या पाड्यावर आईने विचारले आणि पोराने ‘खेळलो’ म्हटले, तर तिने काळजी करू नये. दिवस वाया गेलेला नाही.